आठवीनंतर भूक लागत नाही काय?



आज पिकाची नोंद आधी उरकतो, कारण बोलायचंय दुसरंच. लाल माठाचा दुसरा वाफा काढायला आलाय, थंडीमुळं आठ दिवस उशीर झाला. वालाला फूल धरलंय. शेंड्यावर मावा दिसला म्हणून निंबोळी अर्काची फवारणी केली, दोन दिवसांनी परत बघणार. मेथी बरी आहे. एवढंच.

नवीन मंडळी पानावर येतात आणि विचारतात, तळवलीत शेती कुठं राहिली? त्यांच्यासाठी परत सांगतो. घराच्या मागं दोन गुंठे परसू आहे आणि शिळफाट्याच्या पलीकडं अर्धा एकर वाट्यानं करतो. सकाळी साडेपाचला गाडीला किक मारतो, नऊला भाजी घेऊन परत. आपल्या पट्ट्यात ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलंय, त्यामुळं घणसोली-रबाळ्याच्या मधे कुणी शेतकरी म्हटलं की लोक हसतात. हसू द्या.

आता विषय. माझी पुतणी आठवीत आहे. आम्ही एकत्रच राहतो, म्हणजे पोर माझ्याच घरातली. मागच्या पावसाळ्यात शाळेत तपासणी झाली आणि हिमोग्लोबिन निघालं ९.८. या वयाच्या मुलीला १२ तरी पाहिजे. पोर दिसायला चांगली, खेळायला पुढं, म्हणून घरात कुणाला वाटलंच नव्हतं. दम लागायचा, दुपारी झोप यायची, तर आजी म्हणायची अभ्यासाचा कंटाळा.

आता हे आमच्याच घरचं नाही. सरकारचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आहे, २०१९ ते २१ चं. त्यात देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींमागं ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. शंभरात ५९! आपल्या शेतात शंभरात ५९ रोपं पिवळी पडली तर आपण रात्रीची झोप घेऊ का? कृषी अधिकाऱ्याला फोन करू, माती तपासू, दुकानदाराशी भांडू. पोरी पिवळ्या पडल्या तर म्हणतो, वयाचं आहे, होईल.

तर ह्या पोरीनं काय केलं ते सांगण्यासारखं आहे. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, आठ दिवस जे जे खाल ते वहीत लिहा. हिनं स्वतःचं लिहिलंच, घरातल्या सगळ्यांचं लिहिलं. एक दिवस मला विचारते, "काका, तू दिवसान किती चमचे साखर खातंस, मोजलीस कवा?" मी शेतकरी माणूस, चार चहा लागतात. तिनं माझ्या नावापुढं आकडा लिहून ठेवला आणि खाली लाल रेघ मारली. ती वही अजून टीव्हीच्या कपाटावर आहे. येणाऱ्या पाहुण्यालाही दाखवते, हे जरा अति होतं, पण असो.

वहीतून जे निघालं ते असं. सकाळी चहा आणि खारी. शाळेत जायच्या आधी दहा रुपयांचं कुरकुरीत पाकीट. दुपारी शाळेतली खिचडी नाहीतर आमटी-भात. संध्याकाळी क्लासच्या बाहेर गाडीवर काहीतरी तळलेलं, नाहीतर बाटलीतलं थंड. रात्री घरचं जेवण, पण तोपर्यंत पोट भरलेलं. म्हणजे दिवसभरात खरं अन्न एकदा, आणि ते शाळेतलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

घरात आमच्या आयेला हे पटलं नाही. ती म्हणाली, "आमी काय पाकिटा खाऊन वाढलो काय? जवला-भाकर खाल्ली, भात लावला." मी म्हटलं आये, तेच तर पोर सांगते.

आपल्या आगरी घरात खायला काही कमी नव्हतं हो. तांदळाची भाकरी, सुका जवळा, वालाचं बिरडं, चवळी, खाडीतले निवटे, चिंबोऱ्या. खारजमिनीत राता भात व्हायचा, लाल रंगाचा, पॉलिश न केलेला. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगी, शेवळं. ही रानभाजी आता कर्जत-मुरबाडकडच्या आदिवासी बायका स्टेशनाबाहेर घेऊन बसतात आणि आपण त्यांच्या समोरून डोळे झाकून पुढच्या दुकानात पाकीट घ्यायला जातो. २०२३ साल जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. मुंबईच्या मोठ्या दुकानांत नाचणीची बिस्किटं आली, पुढं नाचणीचं चित्र. मागं वारीक अक्षरात वाचलं तर पहिला गव्हाचा मैदा, मग साखर, मग पामतेल, आणि नाचणी कुठंतरी शेवटी. मला हे पुतणीनंच शिकवलं की जे जास्त असतं ते यादीत आधी लिहितात. तुम्हीपण आज घरातलं एक पाकीट उलटून बघा. नाचणीत १०० ग्रॅममागं तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, पण ते भाकरीतून मिळायचं, चित्रातून नाही.

साखरेचंही सांगतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ताकदीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर पाच. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. तीनशे मिलीच्या थंड बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते. म्हणजे एका बाटलीत दिवसाचा कोटा संपला आणि वर कर्ज झालं.

पोरीनं बदल काय केले? फार काही नाही, आणि म्हणूनच ते टिकले असं माझं मत आहे. सकाळी खारी बंद, रात्रीची भाकरी तव्यावर गरम करून चटणीबरोबर. चहा बंद नाही केला, पण जेवणाला चिकटून घ्यायचा नाही, तासभर अंतर ठेवायचं, कारण चहामुळं अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं. माठाच्या भाजीवर लिंबू पिळायचं, कारण लिंबामुळं ते जास्त लागतं. हे डॉक्टरांनी सांगितलं. आणि माठच का, पालक का नाही? सगळे पालक-पालक करतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये अन्नघटकांचे तक्ते छापलेत, त्यात लाल माठात पालकाच्या दुपटीहून जास्त लोह दिलंय. माझ्याकडं गिऱ्हाईक येतं आणि पालक नाही म्हटलं की तोंड वाकडं करतं. दहा रुपयांची माठाची जुडी समोर पडलेली असते.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्यापण दिल्या, त्या तिनं घेतल्या. शाळेत दर आठवड्याला निळी गोळी मिळते तीही घेते. तेव्हा कुणी असं समजू नका की नुसत्या माठानं झालं. चार महिन्यांनी परत तपासलं तर ११.२ आलं. अजून १२ झालेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला लागली. तिनं एकदा डब्यात जवळ्याची चटणी नेली. वर्गातल्या दोन-तीन पोरींनी नाक दाबलं, वास येतो म्हणून. घरी येऊन काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून जवळा संध्याकाळी घरी, आणि शाळेत उकडलेलं अंडं नाहीतर वालाची उसळ. तिनं आपला मार्ग काढला. मी असतो तर भांडलो असतो. जवळा म्हणजे प्रथिनं आणि कॅल्शियमचा साठा, कवचासकट खाल्ली जाणारी बारीक कोळंबी. मीठ जास्त असतं म्हणून दोन-तीनदा धुऊन घ्यायचा, एवढंच. ज्या गावात खाडी दारापर्यंत यायची त्या गावातल्या पोरीनं स्वतःच्या अन्नाची लाज बाळगायची आणि मसाला मारलेल्या पाकिटाचा मात्र कुणाला वास येत नाही! शिक्षकांनी पोरांना कॅलरी शिकवायच्या आधी दुसऱ्याच्या डब्याकडं बघून नाक दाबायचं नाही, हे शिकवावं. पहिला धडा तोच.

आणि घरातल्या बाप्यांना सांगायचंय. पोर नीट खायला लागली म्हणजे तिनंच भाकऱ्या भाजायच्या, तिनंच भाजी निवडायची, असं नाही. माझी भावजय सव्वाआठची लोकल पकडून ऐरोलीला कामाला जाते, रात्री आठला येते. पुतण्या अकरावीत, तो मोबाईल घेऊन बसायचा आणि आठवीतली पोर भाजी निवडायची. आता माठ निवडणं त्याच्याकडं दिलंय. मुळं तशीच ठेवतो कधीकधी, पण निवडतो. आपल्याकडं बाया शेवटी जेवतात, टोपात उरेल ते. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह पाहिजे, मोठ्या बाप्याला १९, हे वैद्यकीय परिषदेनंच ठरवलेलं प्रमाण आहे. म्हणजे अंड्याचं कालवण झालं की जास्तीचं अंडं कुणाच्या ताटात जायला पाहिजे आणि कुणाच्या जातं, ते ज्यानं त्यानं आपल्या घरात बघावं.

आता शाळेकडं येतो. माझा खरा राग इथं आहे.

शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत असा केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२० सालचा आहे. त्याच्या आधी २०१७ ला आपल्या राज्यानं शाळांच्या कॅन्टीनमधून चिप्स, नूडल्स, थंड पेयं, पिझ्झा-बर्गर काढा असा आदेश काढला होता. नियम चांगले आहेत. पन्नास मीटर म्हणजे माझ्या पावलांनी साठ-पासष्ट पावलं. तुमच्या पोराच्या शाळेच्या फाटकापासून चालून बघा आणि वाटेत किती पाकिटांच्या माळा लागतात ते मोजा. पण मी गाडीवाल्याच्या मागं लागा असं म्हणणार नाही. तो पण पोटासाठीच उभा आहे, उद्या त्यानं उकडलेले चणे आणि पेरू ठेवले आणि ते खपले तर तो तेच विकेल. पोरगं पाकीट घेतं कारण पोटात कावळे ओरडत असतात आणि दहा रुपयांत दुसरं काही मिळत नाही.

म्हणून शाळेतलं जेवण महत्त्वाचं. ही योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. तेव्हा शिजवलेलं नव्हतं, बहुतेक ठिकाणी महिन्याला तीन किलो धान्य मिळायचं. २००१ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की धान्य नको, शिजवून द्या. आता नाव पीएम पोषण. सहावी ते आठवीच्या पोराला रोज १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, म्हणजे ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं माप आहे. माप वाईट नाही. प्रश्न पैशाचा आहे. तांदूळ सोडून डाळ, भाजी, तेल, मसाला, गॅस या सगळ्याला मे २०२५ पासून मोठ्या मुलामागं दर दिवशी १० रुपये १७ पैसे धरलेत. गाडीवर वडापाव वीस रुपये. मी भाजी पिकवणारा माणूस आहे, तीनशे पोरांची शाळा धरली तर रोज साडेबावीस किलो भाजी लागते, म्हणजे पावशेरी नव्वद जुड्या. दहा रुपयांत डाळ, तेल, गॅस भागवून ही भाजी ताजी कशी यायची, हे मला कुणीतरी हिशोब मांडून दाखवावं. मग भाजी म्हणजे बटाटा आणि कोबीचे चार तुकडे असतात, त्यात शिजवणाऱ्या बाईंना काय बोलणार?

अंड्याचं तर काय सांगू. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, जे खात नाहीत त्यांना केळं. आठवड्याला एक! पोरांनी ते अंडं कसं खाल्लं असेल ते ज्यानं बघितलं त्याला माहीत. आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा वेगळा पैसा बंद केला. अंडा पुलाव, नाचणी सत्व हे शाळेनं लोकसहभागातून जमवून द्यावं, असं सांगितलं. लोकसहभाग म्हणजे काय, ज्याच्या पोराला अंड्याची गरज आहे त्याच्याचकडं वर्गणी मागायची? तमिळनाडूत शाळेत आठवड्याचे पाचही दिवस अंडं मिळतं. ते राज्य आपल्यापेक्षा फार श्रीमंत आहे असं कुणी म्हणणार नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, आणि त्यात भेसळ करता येत नाही. डाळीत पाणी घालता येतं, अंड्यात घालता येत नाही. माझ्या मते अंडं नको असण्याचं एक कारण हेही असावं, पण ते राहू द्या.

आता मघाशी लक्षात ठेवा म्हटलेलं वाक्य. पोरीच्या दिवसातलं पहिलं खरं अन्न शाळेतलं होतं. येत्या जूनला ती नववीत जाईल आणि ते जेवण बंद होईल. योजना आठवीपर्यंतच आहे. का, तर शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांचा. कायद्याचं वय चौदाला संपतं म्हणून पोटाचं पण संपतं का? उलट मुलीला लोहाची गरज वाढते ती ह्याच वयात. नववी-दहावीला शाळा, क्लास, परत अभ्यास, घरातलं काम. ज्या वर्षी ताट जास्त भरायला पाहिजे त्याच वर्षी ताट काढून घेतात.

आमच्या पोरीला घरून डबा मिळेल. भाकरी-उसळ देऊ, अंडं देऊ, तेवढं आमचं चालतं. पण तिच्या बाकावर बसणारी जी मैत्रीण आहे, तिची आई चार घरची धुणीभांडी करते, बाप नाक्यावर उभा राहतो. ती पोर डबा आणत नाही, शाळेतलंच जेवते. परवा पुतणी म्हणाली, नववीत ती काय खाईल गं आये? आयेकडं उत्तर नव्हतं.

आणि ही रेघ काही देवानं मारलेली नाही. आधी ती पाचवीला होती. २००७-०८ मध्ये आठवीपर्यंत सरकवली, तेव्हा आभाळ कोसळलं नाही. तमिळनाडू स्वतःच्या पैशानं दहावीपर्यंत देतं. कर्नाटकही नववी-दहावीला देतं, म्हणजे आपल्या शेजारी, सीमेपलीकडच्या बेळगावातल्या सरकारी शाळेत मराठी पोर दहावीत जेवते आणि आपल्याकडची उपाशी. एवढं मोठं श्रीमंत राज्य, एवढी मोठी श्रीमंत नगरी आपली. रस्त्याच्या दुभाजकावरची फुलझाडं दर वर्षी बदलतात. नववी-दहावीच्या पोरांच्या जेवणाला पैसा नाही, हे मला पटत नाही.

काहीजण लिहितील की शाळेत परसबाग करा, भागेल. परसबाग जरूर करा, त्याचं मी स्वागतच करतो, पण परसबागेनं तीनशे पोरांची भाजी निघत नाही. दोन गुंठ्यांत माझ्या एका घराची निघते. परसबागेचा उपयोग वेगळा. जे पोर स्वतः माठ पेरतं ते माठ खातं, हे मी आमच्या घरात बघितलंय. माठ पंचवीस-तीस दिवसांत येतो, पोरांचा धीर तेवढाच असतो. कडेला एक शेवग्याची फांदी रोवा, पाल्याची भाजी मिळेल. पाणी मात्र नळाचं नाहीतर विहिरीचं. नाल्याचं पाणी भाजीला घालू नका, आपल्या पट्ट्यात कारखान्यांमुळं नाल्यातून काय वाहतं ते सांगायला नको. माझ्याकडं येणारं अर्धं गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं, रुळाकडेची नाही ना? बरोबर विचारतात, विचारलंच पाहिजे.

तर मला काय पाहिजे ते सरळ सांगतो. अंड्याचा पैसा सरकारनं द्यावा, वर्गणी नको. जेवण दहावीपर्यंत न्यावं, राज्याला जमत नसेल तर महापालिकेनं आपल्या शाळांपुरतं तरी सुरू करावं. आणि शाळेला लागणारी पालेभाजी आसपासच्या शेतकऱ्याकडून थेट घ्यावी. मला त्यात धंदा दिसतो असं कुणी म्हणेल, तर हो, दिसतो. पोराच्या ताटात सकाळी काढलेला माठ जात असेल आणि माझे चार पैसे होत असतील तर त्यात वाईट काय?

प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात चारातले तीन सभासद पालक पाहिजेत आणि निम्म्या बाया पाहिजेत. सभेला किती पालक जातात? आमच्या शाळेची सभा या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे. भावजयीला सुट्टी नाही, भाऊ पाळीवर, म्हणून मी जाणार. नववी-दहावीच्या जेवणाचा ठराव लिहून नेतोय, पुतणीनं तो स्वच्छ अक्षरात उतरवून दिलाय आणि माझ्या शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्यात. ज्यांना आपल्या शाळेत असा ठराव मांडायचाय त्यांनी मला निरोप टाका, मसुदा पाठवतो.

लाल माठाचं घरचं बी यंदा चांगलं निघालंय. परसबागेसाठी पाच-सहा शाळांना देता येईल, पैसे नकोत. सकाळी नऊनंतर घरी असतो, पिशवी घेऊन या.